सिगारच्या जोडीला लिक्युअर: निवडीपासून शेवटच्या घोटापर्यंत

क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ हा प्रांत आहे. तिथल्या वुएल्ता आबाहो भागातल्या तंबाखूवर हवाना सिगारचं नाव उभं आहे. त्याच प्रांतात एक छोटा रानपेरू होतो. तो मद्यात मुरवून ‘ग्वायाबिता देल पिनार’ करतात. पिनार देल रिओ शहरातल्या कासा गाराय या कारखान्याचा वारसा १८९२ पर्यंत मागे जातो. ग्वायाबिता गोड आणि कोरडी अशा दोन प्रकारांत मिळते. उसाच्या मद्याचा ऊबदारपणा, पेरूचा दर्प आणि शेजारी तिथल्याच मातीतला सिगार, अशी ही जोडी एकाच प्रांतात जमून आली आहे. आपल्याकडे ग्वायाबिता सहसा मिळत नाही, पण ती जोडी का जमते हे कळलं की हाताशी असलेल्या बाटल्यांतून तशीच जोडी लावता येते.

सिगारबरोबर बहुतेक लोक सवयीने व्हिस्की घेतात. मला लिक्युअर, म्हणजे फळं-मसाल्यांच्या वासाची गोड दारू, जास्त योग्य वाटते, आणि त्याचं कारण साखर. धुराने तोंड कोरडं पडतं, जिभेवर कडसर-तुरट थर बसतो. त्यावर कोरडी, कडक दारू घेतली की कोरडेपणा आणखी वाढतो. लिक्युअरमधली साखर तो कडवटपणा बोथट करते, आणि मग तिच्यातली संत्र्याची साल, मध, केशर, व्हॅनिला यांच्या वासाला धुरातले जुळणारे वास सापडतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे लिक्युअरमध्ये किमान १५ टक्के अल्कोहोल लागतं आणि, थोडे अपवाद सोडले तर, लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते. ही साखर थोडी असेल तर उपयोगी पडते. जास्त झाली तर जीभ बधिर होते. म्हणून एका सिगारला ३० मिली लिक्युअर पुरे. दुसरा पेग भरू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तंबाखूने वाढतो, दारूनेही वाढतो. दोन्ही एकत्र आले की तो बेरजेने नाही, कितीतरी पटींनी वाढतो. जो ओढत नाही त्याने या लेखामुळे सुरुवात करू नये. जे क्वचित, समजून-उमजून ओढतात, त्यांनी तो एक सिगार नीट ओढावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी सिगार, मग बाटली

जोडी लावताना सुरुवात नेहमी सिगारपासून करा. लिक्युअर बाटलीगणिक सारखी असते. सिगार हाताने वळलेला असतो, आणि जळता जळता त्याची चव बदलत जाते. जे बदलतं ते आधी ओळखायचं, जे स्थिर आहे ते त्याला लावायचं.

सिगारचे तीन भाग असतात. आतलं भरण म्हणजे फिलर, त्याला आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर आणि वरून गुंडाळलेलं देखणं पान म्हणजे रॅपर. फिलरमध्ये झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं मिसळतात. शेंड्याकडच्या पानाला लिहेरो म्हणतात. त्याला ऊन जास्त मिळतं, ते जाड आणि कडक असतं आणि हळू जळतं. मधल्या सेकोमधून सुगंध येतो. खालचं वोलादो चवीला फिकं असतं, पण त्याच्यामुळे सिगार पेटता राहतो. सिगार किती कडक आहे हे मुख्यतः लिहेरोच्या प्रमाणावर ठरतं. काळसर सिगार म्हणजे कडक सिगार हा समज चुकीचा आहे. काळा रंग बहुधा रॅपर जास्त काळ आंबवल्यामुळे येतो, आणि त्या आंबवण्याने चवीत उलट गोडसरपणा उतरतो.

पहिल्या जोडीसाठी मध्यम कडकपणाचा, रोबुस्तो आकाराचा सिगार घ्या. रोबुस्तो साधारण १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंग गेजचा असतो. रिंग गेज म्हणजे सिगारची जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेली. ५० गेजचा सिगार २० मिलिमीटरच्या जरा आत भरतो. तो पाऊण तासापासून तासाभरापर्यंत पुरतो, म्हणजे चव बदलायला वेळ मिळतो आणि कंटाळाही येत नाही. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सिबाओ खोऱ्यातल्या तंबाखूचे सिगार सुरुवातीला बरे. निकाराग्वातल्या एस्तेलीचे सिगार मिरीसारखे झणझणीत निघतात, ते हात बसल्यावर घ्या.

दुकानात सिगार अंगठा आणि तर्जनीत धरून पेटवायच्या टोकापासून वरपर्यंत हलकेच दाबत जा. तो किंचित दबून परत फुगला पाहिजे. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार. कुठे पोकळ लागलं तर तिथे तो भराभरा आणि गरम जळणार. मग पेटवायच्या टोकाचा वास घ्या. सुकं गवत, लाकूड, कोको, ओली माती, यातलं काहीही चालेल. अमोनियाचा उग्र भपकारा आला तर ती तंबाखू अजून मुरलेली नाही, ठेवून द्या. पाकिटावर आरोग्याचा चित्रमय इशारा नसेल तर तो माल कायदेशीर मार्गाने आलेला नाही. काचेच्या झाकणाच्या खोक्यातले ‘कोहिबा’ हे नामांकित क्युबन सिगार कितीही स्वस्त मिळोत, ते बनावटच.

आपल्या हवेत सिगार सांभाळणं

सिगारविषयी बहुतेक लिखाण थंड देशांतलं असतं, त्यामुळे हा भाग त्यात अपुरा पडतो. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १६ ते २१ अंश तापमान मानवतं. जुलैत मुंबईची आणि कोकणाची हवा ८० टक्क्यांच्या वर असते. उघडा ठेवलेला सिगार फुगतो, पेटवल्यावर रॅपर उलतं आणि धूर ओढायला जोर लागतो. मे महिन्यात नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे नेमकं उलटं होतं. पान कडकडीत वाळतं, त्यातली तेलं उडतात आणि चव कागदासारखी सपाट लागते. एसीच्या खोलीतही तेच होतं.

पाच-दहा सिगारसाठी महागडी लाकडी पेटी लागत नाही. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा घ्या, तो धुऊन आठवडाभर उघडा ठेवून वास घालवा, आणि आत आर्द्रता राखणारी ६५ किंवा ६९ टक्क्यांची पाकिटं टाका. ही पाकिटं ओलावा सोडतातही आणि शोषतातही, म्हणून पावसाळा आणि उन्हाळा दोन्हींत चालतात. सिगारच्या खोक्यातली सीडर या सुवासिक लाकडाची पातळ फळी मिळाली तर तीही आत ठेवा. डबा घरातल्या सगळ्यात गार कपाटात असू द्या, स्वयंपाकघरात नको.

तापमान २४-२५ अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटू शकतात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली की समजावं. तो सिगार लगेच फेका. बाकीचे दुहेरी झिप पिशवीत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा, मग बाहेर काढा. थेट फ्रीजरमधून बाहेर काढले तर पान तडकतं.

कोणत्या सिगारला कोणती लिक्युअर

फिकट बदामी, कनेटिकट जातीचं रॅपर असलेला सिगार मऊ असतो. त्यात सायीचा, सुक्या गवताचा, थोडा बदामाचा भास होतो. त्याला अमारेत्तो लावा. इटलीतल्या सारोन्नोची दिसारोन्नो २८ टक्क्यांची असते, म्हणजे सिगारला दाबत नाही. तिचा बदामी वास सिगारमधल्या बदामाला उचलून धरतो. स्पेनची लिकोर ४३ ही व्हॅनिला आणि लिंबूवर्गी फळांची आहे, तीही चालते, पण गोडी जास्त असल्याने घोट अगदी लहान घ्या.

मध्यम, तपकिरी रॅपरच्या सिगारला माझी पहिली पसंती ग्राँ मार्निए. १८८० पासूनच्या या लिक्युअरमध्ये कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी आणि कडू संत्र्याच्या सालीचा अर्क असतो, अल्कोहोल ४० टक्के. ओकच्या पिंपातल्या कोन्याकची लाकडी चव सिगारमधल्या सीडरच्या वासाशी जुळते. संत्र्याची साल धुराच्या जडपणाला छेद देते, आणि सालीचा किंचित कडवटपणा गोडीला आवर घालतो. नुसत्या गोड संत्र्याच्या लिक्युअरला हे जमत नाही. बेनेदिक्तीन हा दुसरा पर्याय. नॉर्मंडीतल्या फेकाँ गावी आलेक्सांद्र ल ग्राँ यांनी ती १८६३ मध्ये तयार केली. तिच्यात २७ वनस्पती आणि मसाले आहेत. मध, केशर आणि जायपत्री यांचा वास आपल्याला परका वाटत नाही. मातकट चवीच्या सिगारबरोबर ती सुरेख लागते.

कडक, मिरीदार सिगारला ड्रॅम्बुई. स्कॉच व्हिस्की, हेदर फुलांचा मध आणि वनौषधी असं हे ४० टक्क्यांचं मिश्रण आहे. झणझणीतपणाला मध शमवतो आणि खालची व्हिस्की सिगारच्या तोडीस तोड उभी राहते. इथे अमारेत्तो घेतली तर दुसऱ्या झुरक्यानंतर ती जाणवतसुद्धा नाही.

काळसर मादुरो रॅपरला कॉफीची लिक्युअर. मेक्सिकोत १९३६ पासून बनणारी काहलुआ सहज मिळते. मादुरोतला कोको आणि करपट गोडवा कॉफीला अगदी जवळचा. ही जोडी सगळ्यांत सोपी, पण दोन्हींत गोडवा असल्यामुळे थोडी एकसुरी होते. चमचाभर काळी, बिनसाखरेची कॉफी त्यात मिसळली की ती जागी होते.

काही बाटल्या मात्र दूरच ठेवा. बेलीजसारख्या सायीच्या लिक्युअर जिभेवर स्निग्ध थर धरतात आणि त्याखाली सिगारची चव बुडते. बडीशेपेच्या वासाची साम्बुका आणि पुदिन्याच्या लिक्युअर सगळं व्यापून टाकतात. ५५ टक्क्यांची हिरवी शार्त्रोझ ही थोर लिक्युअर आहे, पण तिला एकटीलाच घ्यावं.

बसण्यापूर्वी

जेवण झाल्यावर तासाभराने बसा. रिकाम्या पोटी निकोटिन आणि दारू दोन्ही अंगावर येतात. गरगरलं, घाम फुटला, मळमळलं की सिगार खाली ठेवा, स्वस्थ बसा, साखरपाणी प्या. जेवण फार तिखट नको, आणि शेवटी पान खाल्लं असेल तर दुसऱ्या दिवशी बसा, कारण कात-चुन्याने तोंडाला काही कळत नाही.

जागा घरची गच्ची किंवा मोठी बाल्कनी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहेच. २००८ च्या नियमांप्रमाणे हॉटेलांतल्या स्मोकिंग रूममध्येही धूम्रपानाखेरीज दुसरी सेवा देता येत नाही, त्यामुळे ही जोडी बाहेर जमत नाही. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. मुलं, गरोदर बाई, दम्याचे रुग्ण आसपास नकोत. पंखा थेट अंगावर नको आणि वाराही नको, कारण एका बाजूने वारा लागला की सिगार तिरका जळतो.

लिक्युअर १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. आपल्याकडे खोलीचं तापमान ३० असतं, तेव्हा बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बर्फ घालू नका. फार थंड झाली तर वास दबतो आणि नुसती गोडी उरते. ग्लास लहान, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. शेजारी साध्या पाण्याचा मोठा पेला ठेवा. तो विसरलात तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.

कापणं आणि पेटवणं

सिगारच्या बंद टोकाला पानाची गोल टोपी चिकटवलेली असते. तिची कड जिथे संपते त्या रेषेच्या वर, टोकापासून साधारण दोन मिलिमीटरवर, धारदार कटरने एका दमात कापा. रेषेच्या खाली गेलात तर रॅपर उलगडू लागतं. दाताने तोडू नका. कापल्यावर न पेटवता एक-दोनदा ओढून पाहा. हवा सहज आली पाहिजे, आणि ओठांवर जी चव येते ती लक्षात ठेवा. रॅपरचा स्वभाव तिथेच अर्धा कळतो.

पेटवायला गॅसचा लायटर किंवा लांब लाकडी काडी. काडीचं गंधक पूर्ण जळू द्या. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती यांचा वास पानात शिरतो. ज्योतीपासून बोटभर वर टोक धरा आणि निखाऱ्यावर कणीस भाजतात तसा सिगार सावकाश फिरवत राहा. कड सगळीकडून काळी पडून लालसर झाली की मग तोंडात धरून, ज्योत जवळच ठेवून, फिरवत दोन-तीन हलके झुरके घ्या. टोकावर फुंकर घालून बघा. सगळं वर्तुळ सारखं लाल दिसलं की झालं. एखादी बाजू काळी राहिली तर तिथेच पुन्हा ज्योत दाखवा, नाहीतर पुढे सिगार एकाच बाजूने जळत जातो.

पहिला तृतीयांश: ग्लासला हात नाही

मी सगळ्यात आग्रहाने सांगेन ते हेच. पहिली पंधरा मिनिटं फक्त सिगार आणि पाणी. लिक्युअर ओतून बाजूला ठेवा, तिला हवा लागू द्या. मिनिटाला एक झुरका, त्याहून भरभर नाही. धूर तोंडातच फिरवा आणि सोडा. सवय असेल तर तोंडातला थोडा धूर नाकावाटे बाहेर सोडा. बारीकसारीक वास तिथेच कळतात. पण घशाखाली काही जाता कामा नये.

या वेळात दोनच प्रश्न स्वतःला विचारा. धूर जिभेवर कुठे लागतो आहे, आणि सोडल्यावर मागे काय रेंगाळतं? उत्तर एका ओळीत लिहून ठेवा. ‘सीडर, थोडी मिरी, मागे तुरट’ इतकं पुरे. ही ओळ नसेल तर पुढे चव लिक्युअरने बदलली की सिगारच बदलला, हे सांगता येणार नाही.

दुसरा तृतीयांश: खरी भेट

राख दोन-तीन सेंटिमीटर झाली की राखदाणीच्या कडेला अलगद टेकवून पाडा. दोन घोट पाणी घेऊन तोंड धुऊन काढा.

आता ग्लास नाकाशी आणा, पण नाक आत घालू नका. ग्राँ मार्निए असेल तर आधी संत्र्याच्या सालीचं तेल येईल, मग मागून कोन्याकची गोडसर लाकडी झुळूक. चहाच्या चमच्याचा अर्धा भाग भरेल एवढाच घोट घ्या. तो जिभेच्या शेंड्यावर न ठेवता सगळीकडे पसरू द्या, गिळा आणि नाकाने श्वास बाहेर सोडा. आता थांबा. दहा-पंधरा सेकंद काही करू नका. अल्कोहोलची जळजळ उतरते, गोडी पातळ होते आणि सालीचा कडसर गंध एकटा उरतो. नेमका तेव्हा एक लहान झुरका घ्या. मघाशी मागे राहणारा तुरटपणा आता बराच मावळलेला असतो, सीडरला गोडवा येतो, आणि कधीकधी जायफळासारखं काहीतरी वर येतं जे आधी जाणवलंच नव्हतं.

पुढच्या वेळी क्रम उलटा करा. आधी झुरका, धूर सोडा, तीन-चार सेकंदांनी घोट. या क्रमाने लिक्युअर बदलते. धुराने कडवट झालेल्या जिभेवर तीच ग्राँ मार्निए कमी गोड आणि जास्त कोन्याकसारखी लागते. मला पहिला क्रम सौम्य सिगारला बरा वाटतो आणि दुसरा कडक सिगारला, कारण कडक सिगारच्या आधी घेतलेली गोडी धूर लगेच पुसून टाकतो.

प्रत्येक झुरक्याला घोट नको. चार-पाच झुरक्यांमागे एक घोट, मधे पाणी. घोटानंतर सिगार फिका वाटू लागला तर लिक्युअर भारी पडते आहे. ग्लासमध्ये चमचाभर पाणी घाला. ४० टक्क्यांची लिक्युअर अशी थोडी सैल केली की वास उलट मोकळे होतात. लिक्युअरच नुसत्या साखरेच्या पाण्यासारखी लागली तर सिगार तिच्याहून कडक आहे, पुढच्या वेळी जास्त मसालेदार बाटली घ्या. आणि दोघांमधून धातूची किंवा साबणासारखी चव आली तर जोडी जमलीच नाही. ओढूनताणून पूर्ण करू नका, ग्लास बाजूला ठेवून सिगार पाण्यावर संपवा.

मधेच सिगार विझला तर काही बिघडलं नाही. राख झाडा, तोंडाने हलकी फुंकर घालून आतला शिळा धूर बाहेर काढा आणि पहिल्यासारखाच पेटवा. तासाभराहून जास्त वेळ विझून पडलेला मात्र पुन्हा पेटवू नये, त्याला कडू, शिळा वास येतो.

शेवटचा तृतीयांश

इथे धूर गरम होतो, डांबर आणि निकोटिन साठत आलेलं असतं, आणि चव झपाट्याने कडक होते. बोटांना ऊब लागू लागली किंवा झुरका तिखट लागला की थांबा. किमतीकडे बघून टोकापर्यंत ओढण्यात काही मिळत नाही. सिगार चिरडून विझवू नका, राखदाणीत आडवा ठेवा, तो पाच-सात मिनिटांत आपोआप विझतो. चिरडला की घरभर घाण वास सुटतो. विझल्याची खात्री करून थोटूक लगेच बाहेर टाका.

शेवटचा घोट सिगार ठेवल्यानंतर घ्यायला राखा. आधी पाणी प्या, दोन मिनिटं थांबा आणि मग घ्या. धूर नसतानाही तोंडात सिगारचा मागमूस असतो, आणि जोडी खरी होती की नाही ते या घोटाला कळतं. दोन्हींच्या चवी वेगळ्या ओळखता आल्या आणि तरी एकमेकींना टोचल्या नाहीत, तर ती जोडी वहीत लिहून ठेवा: सिगारचं नाव, आकार, रॅपर, लिक्युअर, कोणता क्रम, पाणी घातलं का.

पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. सिगार तोच ठेवून बाटली बदला, किंवा बाटली तीच ठेवून सिगार बदला. बाटलीचं तोंड आणि झाकण कोमट ओल्या फडक्याने पुसून ठेवा, कारण साखर सुकली की झाकण चिकटून बसतं किंवा नीट लागत नाही आणि वास उडतो. बाटली उभी, उजेडापासून लांब ठेवा. ४० टक्क्यांच्या लिक्युअर उघडल्यावरही वर्षभर चांगल्या राहतात, पण अमारेत्तो आणि कॉफीची लिक्युअर काही महिन्यांत मंदावते, त्या लहान बाटलीत विकत घ्या.